उजेडाचा किल्ला की हलका किल्ला?

रीगा शहरात दाउगवा नदीच्या डाव्या तीरावर डोंगराच्या आकाराची एक काचेरी इमारत उभी आहे. हे लाटव्हियाचं राष्ट्रीय ग्रंथालय. गुन्नार बिर्केर्त्स या वास्तुरचनाकाराने ते आखलं. 18 जानेवारी 2014 रोजी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, सुमारे 14 हजार माणसांनी जुन्या ग्रंथालयापासून पुलावरून थेट इथपर्यंत रांग धरली आणि पुस्तकं हातोहात नव्या घरी पोचवली. रीगाकर या इमारतीला 'गाइस्मस पिल्स' म्हणतात. 'गाइस्मा' म्हणजे उजेड आणि 'पिल्स' म्हणजे किल्ला. बुडालेला उजेडाचा किल्ला एक दिवस पुन्हा वर येईल, अशी तिथली जुनी कथा आहे. इंग्रजीत या नावाचं झालं 'कॅसल ऑफ लाइट'.

आता समजा, 'कॅसल ऑफ लाइट' एवढीच अक्षरं कुणाच्या हाती पडली. त्याने इमारत पाहिलेली नाही, कथा ऐकलेली नाही आणि त्याला हे नाव पुन्हा लाटव्हियनमध्ये न्यायचं आहे. शब्दकोश उघडला की 'लाइट'पुढे तीन-चार शब्द दाटीवाटीने बसलेले दिसतात. उजेड असेल तर 'गाइस्मा', वजनाला हलकं असेल तर 'विएग्ल्स', रंगाने फिकट असेल तर 'गाइश्स'. यातला चुकीचा उचलला की उजेडाच्या किल्ल्याचा हलका किल्ला होतो, फुंकर मारली तर उडून जाईल असा.

किल्ल्याच्या बाबतीत निदान हसून सोडून देता येतं. कपड्यांच्या दुकानात तेवढीही सोय नाही. इंग्रजीतला 'लाइट ड्रेस' अंगावर हलका आहे की रंगाला फिकट? इंग्रज दुकानदार ते न ठरवताच पाटी लावून मोकळा होतो. लाटव्हियन दुकानदाराला ठरवावंच लागतं, कारण दोन्हीला दोन वेगळी विशेषणं आहेत आणि मधली वाट नाही. मराठी दुकानदारालाही नाही.

एका शब्दाचे अर्थ किती, हे त्या शब्दाकडे बघून कळत नसतं. ज्याची ती मातृभाषा आहे त्याला तर मुळीच नाही. दुसरी भाषा समोर येऊन उभी राहिली आणि 'यातला नेमका कुठला हवा?' असं विचारू लागली, की मग घरातल्या रोजच्या शब्दाला किती दारं आहेत ते दिसतं. इंग्रजीसमोर लाटव्हियन उभी केली तर हा खेळ फार रंगतो. आणि तो बघायला इंग्रजापेक्षा मराठी माणूस सोयीच्या जागी बसलेला असतो.

लाटव्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश. लोकसंख्या सुमारे 19 लाख, म्हणजे 2011च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहराची होती जवळपास तेवढीच. तिथली भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या बाल्टिक शाखेची. या शाखेच्या आज दोनच भाषा बोलल्या जातात, लिथुआनियन आणि लाटव्हियन. कूळ एकच असल्यामुळे ओळखीचे चेहरे मधूनमधून भेटतात. 'उगुन्स' म्हणजे अग्नी, 'मेदुस' म्हणजे मध, 'दिएव्स' म्हणजे देव, 'असरा' म्हणजे अश्रू. त्यांचा 'वीर्स' मात्र तलवार घेऊन फिरत नाही. तो नुसता पुरुष किंवा नवरा असतो.

उच्चारांतही मराठी माणसाला दोन-तीन गोष्टी फुकटात मिळतात. मराठीत 'चमचा'तला च वेगळा आणि 'चिमणी'तला वेगळा, 'जागा'तला ज वेगळा आणि 'जीव'मधला वेगळा. लिपीत हा फरक आपण दाखवत नाही, जिभेला तो पाठ असतो. लाटव्हियनमध्ये हेच दोन च आणि हेच दोन ज आहेत, आणि त्यांच्यासाठी लिपीत वेगळी चिन्हंही आहेत. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून येतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीची शिक्षा मात्र आपल्या शाळेतल्या लाल शाईपेक्षा कडक आहे. 'कझस' म्हणजे शेळ्या आणि 'काझस' म्हणजे लग्न. 'पिले' म्हणजे थेंब आणि 'पीले' म्हणजे बदक. लग्नाची पत्रिका लिहिताना स्वरावरची आडवी रेघ राहून गेली तर पाहुण्यांना शेळ्यांचं आमंत्रण जाईल.

रीगात 'अवुओतु' नावाचा एक रस्ता आहे. 'अवुओत्स' म्हणजे झरा. ऋग्वेदात विहिरीला 'अवत' म्हटलं आहे आणि भाषेचे अभ्यासक हे दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवतात. इंग्रजीत या रस्त्याचं नाव 'स्प्रिंग स्ट्रीट' होईल. पण इंग्रजी 'स्प्रिंग' वसंत ऋतूही आहे, घड्याळातली गुंडाळलेली पट्टीही आहे आणि उडीही. लाटव्हियनमध्ये चौघांची चार घरं. झरा 'अवुओत्स', वसंत 'पवसरिस', धातूची स्प्रिंग 'अत्स्पेरे', उडी 'लेत्सिएन्स'. इंग्रजाच्या मनात या सगळ्यांत एक धागा आहे: काहीतरी एकदम वर उसळतं. पाणी जमिनीतून उसळतं, पालवी फांदीतून फुटते, दाबलेली तार सुटते. ते चित्र सुंदर आहे, पण ते इंग्रजीच्या मालकीचं आहे. लाटव्हियनने ते मागितलेलं नाही आणि मराठीनेही नाही. आपण धातूच्या वस्तूला सरळ 'स्प्रिंग' म्हणून घेतलं आणि झरा, वसंत, उडी आपापल्या जागी राहू दिले.

'क्रेन'ची गंमत याहून मोठी. इंग्रजीत लांब मानेचा पक्षीही क्रेन आणि बंदरावर माल उचलणारं यंत्रही क्रेन, कारण यंत्राची मान पक्ष्यासारखी दिसते. लाटव्हियनमध्ये पक्षी 'जेर्वे', यंत्र 'त्सेल्त्निस'. 'त्सेल्त' म्हणजे उचलणं, बांधणं, त्यावरून यंत्राचं नाव. रीगा हे बंदर आहे, म्हणून नदीकाठी यंत्रं भरपूर. शहराच्या पश्चिमेला केमेरीच्या राष्ट्रीय उद्यानात मोठी दलदल आहे आणि तिथे खरे क्रौंच उतरतात. म्हणजे 'नदीकाठी एक क्रेन दिसली' या इंग्रजी वाक्यात नक्की काय दिसलं, हे रीगातल्या माणसाला ऐकून सांगता येणार नाही. दोन्ही दिसू शकतं.

निवड चुकली तर चूक त्या एका शब्दापाशी थांबत नाही. 'जेर्वे' स्त्रीलिंगी आहे, 'त्सेल्त्निस' पुल्लिंगी. मोठा पक्षी म्हणायचं तर 'लिएला जेर्वे', मोठं यंत्र म्हणायचं तर 'लिएल्स त्सेल्त्निस'. विशेषण बदलतं, पुढच्या वाक्यातलं सर्वनाम बदलतं, विभक्तीचे प्रत्यय बदलतात. मराठीत 'मोठा', 'मोठी', 'मोठं' सांभाळत वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. इंग्रजाला मात्र एका नामाच्या चुकीने अख्खा परिच्छेद कसा वाकडा होतो ते पटवावं लागतं.

त्याच दलदलीत लाल, आंबट फळांची झुडपं असतात. इंग्रजीत त्यांना क्रॅनबेरी म्हणतात आणि त्यातला 'क्रॅन' म्हणजे हाच क्रेन पक्षी, जर्मन बोलीतून आलेला. लाटव्हियनमध्ये फळाचं नाव 'जेर्वेने'. तेही पक्ष्यावरूनच. यंत्राच्या वेळी फुटलेली वाट फळापाशी पुन्हा एकत्र आली. आणखी एक फाटा आहे. लाटव्हियनमध्ये 'क्रान्स' हा शब्द आहे आणि ऐकायला तो क्रेनसारखा वाटतो, पण घरात 'क्रान्स' म्हणतात तो पाण्याच्या नळाला.

असे दगाबाज मित्र दोन भाषांमध्ये नेहमीच असतात. लाटव्हियनमधली 'नॉव्हेल'सारखी दिसणारी 'नोवेले' म्हणजे कथा, इंग्रजी नॉव्हेल म्हणजे तिथे 'रोमान्स'. 'गिम्नाझिया' म्हणजे माध्यमिक शाळा, व्यायामशाळा नव्हे. जॅमच्या बाटलीवर 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असं इंग्रजीत लिहिलेलं असेल आणि कुणी तोच शब्द लाटव्हियन वळणाने 'प्रेझेर्वतीव्स' असा उतरवला, तर वाचणाऱ्याला वाटेल की जॅममध्ये निरोध नाही एवढीच कंपनीची हमी आहे. अन्न टिकवणाऱ्या पदार्थाला तिथे 'कोन्सेर्वन्त्स'च्या घरातला शब्द लागतो.

काही इंग्रजी शब्द पटकन सुटतात. 'नेल' म्हणजे बोटाचं नख असेल तर 'नग्स', आणि यात आपलं नखच डोकावतं. भिंतीतला खिळा असेल तर 'नग्ला', तो जर्मनांकडून आला. 'लेटर' म्हणजे अक्षर असेल तर 'बुर्त्स', पत्र असेल तर 'वेस्तुले'. 'बिल' हॉटेलातलं असेल तर 'रेकिन्स', पक्ष्याची चोच असेल तर 'क्नाबिस' आणि शंभर सदस्यांच्या 'साएइमा' या संसदेपुढचं विधेयक असेल तर 'लिकुम्प्रोयेक्त्स'. 'मॅच' खेळाची असेल तर 'मच्स', आगकाडी असेल तर 'सेर्कुओत्सिन्श', शब्दशः गंधकाची काडी. 'टिप' म्हणजे सल्ला असेल तर 'पदुओम्स' आणि वेटरला द्यायची असेल तर 'जेरम्नाउदा'. हा शब्द फोडला तर 'पिण्याचे पैसे' निघतात. आपल्याकडे अशा वेळी 'चहापाण्याला ठेवा' म्हणतात. पेय बदललं, हेतू तोच.

'प्युपिल'पाशी थोडं थांबायला हवं. इंग्रजीत 'डॉक्टरांनी प्युपिल तपासला' असं वाक्य आलं तर तपासलं कुणाला? शाळेतल्या मुलाला की डोळ्याच्या मधल्या काळ्या ठिपक्याला? मुलगा असेल तर लाटव्हियनमध्ये 'स्कुओलेन्स', ठिपका असेल तर 'झीलीते'. इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. समोरच्या माणसाच्या डोळ्यात डोकावलं की आपलंच इवलंसं प्रतिबिंब दिसतं, म्हणून लॅटिनमध्ये त्या ठिपक्याला 'छोटी बाहुली' म्हटलं. मराठीत आपण काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली. रोमन माणसाला आणि मराठी माणसाला डोळ्यात तेच दिसलं. लाटव्हियन माणसाला दुसरंच दिसलं. 'झीले' म्हणजे ओकच्या झाडाचं फळ, आणि 'झीलीते' हे त्याचं लाडकं, छोटं रूप. शिवाय बागेतल्या एका चिमुकल्या पक्ष्यालाही 'झीलीते'च म्हणतात. म्हणजे इंग्रजीतल्या दोन अर्थांच्या शब्दातला एक अर्थ सोडवायला गेलं तर हाती आलेला लाटव्हियन शब्दच दोन अर्थांचा निघतो. अनुवादकाच्या नशिबी हे नेहमीचंच.

नामांपेक्षा क्रियापदं जास्त छळतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे चारशेच्या वर अर्थ होते. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने 645 अर्थांची मजल मारली आणि त्याला मागे टाकलं. लाटव्हियनमध्ये माणूस धावतो ते 'स्क्रिएत', पाणी वाहतं ते 'तेत्सेत', यंत्र चालतं ते 'दर्बुओतिएस', धंदा चालवणं 'वदीत' आणि निवडणुकीत उतरणं 'कंदिदेत'. अमेरिकेत उमेदवार धावतो, इंग्लंडमध्ये तो उभा राहतो. मराठीतही तो उभाच राहतो, धावपळ कार्यकर्त्यांच्या वाट्याला.

आता 'नो' हे क्रियापद घेऊ, जाणण्याचं. इंग्रज माणूस उत्तर 'नो' करतो, शेजाऱ्यालाही 'नो' करतो आणि पोहणंही 'नो' करतो. लाटव्हियनमध्ये माहिती असणं म्हणजे 'झिनात', ओळख असणं म्हणजे 'पझीत' आणि एखादी गोष्ट करता येणं म्हणजे 'प्रस्त'. आता मराठीत बघा: उत्तर माहीत आहे, शेजाऱ्याला ओळखतो, पोहता येतं. तुकडे अगदी तिथेच पडले. भाषेबद्दल बोलतानाही तसंच. मराठीत 'मला जर्मन माहीत आहे' म्हणणाऱ्याने जर्मन भाषेचं नाव ऐकलंय एवढंच ठरतं, बोलता येत असेल तर तो 'मला जर्मन येतं' म्हणेल. लाटव्हियन माणूसही तिथे 'प्रस्त'च वापरतो.

'टाइम'चंही असंच. काळ असेल तर 'लाइक्स', तीन वेळा असं म्हणायचं असेल तर 'रेइझे', आणि किती वाजले विचारायचं असेल तर 'त्सिक इर पुल्क्स्तेनिस', शब्दशः किती आहे घड्याळ. मराठी 'किती वाजले'मधला 'किती' इथेही पहिल्या जागी आहे. 'लाइक्स' हा शब्द मराठी कानाला समाजमाध्यमांवरच्या अंगठ्यासारखा वाटतो, पण त्याचा दुसरा अर्थ आहे हवामान. 'लब्स लाइक्स' म्हणजे छान हवा पडली आहे.

खऱ्या अंगठ्याच्या 'लाइक'लाही लाटव्हियनमध्ये सरळ एकच शब्द नाही. गाव, गाणं, माणूस आवडत असेल तर 'मन पतीक', म्हणजे मला आवडतं. खाणंपिणं आवडत असेल तर 'मन गर्शुओ', म्हणजे मला रुचतं. 'मन' म्हणजे मला. इंग्रजीत आवडण्याचं काम 'मी' करतो, लाटव्हियनमध्ये आणि मराठीत ते 'मला' होतं. 'हॅव' या इंग्रजी क्रियापदाचं तर इथे कामच नाही. 'मन इर दिवि ब्राल्यि' या वाक्याचा एकेक शब्द उचलून मराठीत ठेवला तर होतं: मला आहेत दोन भाऊ. क्रम जरा हलवला की अस्सल मराठी. इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनी 'हॅव'साठी मुलांना कितीदा झापलं असेल! लाटव्हियनच्या वर्गात हीच मुलं पहिल्या बाकावर बसतील.

'राइट'ने तर या तिन्ही भाषांची गाठ मारली आहे. बरोबर असेल तर 'परेइझि', कायद्याचा हक्क असेल तर 'तिएसीबस' आणि तोही नेहमी अनेकवचनात. उजवा हात असेल तर 'लबा रुओका'. आता 'लब्स' म्हणजे चांगला, म्हणजे उजवा हात हा त्यांच्याकडे 'चांगला हात' झाला. रस्ता विचारला आणि उत्तर 'पा लबि' आलं की उजवीकडे वळायचं, नुसतं 'लबि' आलं की 'बरं, ठीक'. मराठीतही एक मुलगा दुसऱ्यापेक्षा उजवा ठरतो, आणि एखाद्याची डावी बाजू झाकून घ्यावी लागते. रीगात आणि सोलापुरात कुणी एकमेकांना विचारलं नव्हतं.

इथवर वाटेल की इंग्रजी शब्द पसरट आणि लाटव्हियन शब्द नेमके. तसं अजिबात नाही. उलट्या दिशेने निघालं की फजिती इंग्रजीत जाणाऱ्याची होते. 'रुओका' म्हणजे पंजाही आणि खांद्यापासूनचा सगळा हातही. 'काया' म्हणजे पाऊलही आणि पूर्ण पायही. 'पिर्क्स्त्स' म्हणजे हाताचंही बोट आणि पायाचंही. इंग्रजीत प्रत्येकाला दोन-दोन शब्द आहेत आणि लाटव्हियनमधून इंग्रजीत जाणाऱ्याने कुठला पाय मोडला ते आधी विचारलं पाहिजे. मराठी माणसाला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळणार नाही. आपलेही हात, पाय आणि बोटं तशीच आहेत.

'विएग्ल्स' म्हणजे हलकं, पण सोपंही. 'पोलितिका' म्हणजे राजकारणही आणि धोरणही, हे विशेषच. 'अत्स्लेगा' म्हणजे किल्ली, पण टांगती 'अत्स्लेगा' म्हणजे कुलूप आणि नटबोल्टाची 'अत्स्लेगा' म्हणजे गॅरेजमधला पाना. आणि सूर्याची गोष्ट बघा. सूर्य म्हणजे 'साउले'. इंग्रजी 'सन'सारखा दिसणारा 'सुन्स' म्हणजे चक्क कुत्रा, आपल्या श्वानाचा भाऊबंद. सूर्य मावळतो तेव्हा 'साउले रिएत' म्हणतात, आणि भुंकणे या क्रियापदाचं मूळ रूपही 'रिएत'च. नवशिक्याने जरा घाई केली तर संध्याकाळी पश्चिमेला सूर्य भुंकताना दिसतो.

या सगळ्याची नोंद सुरुवातीला लाटव्हियन माणसांनी केली नाही. पहिला शब्दकोश, 'लेत्तुस', 1638 साली निघाला तो गेओर्ग मन्त्सेलिउस या जर्मन पाद्र्याचा. बायबलचा अनुवाद एर्न्स्ट ग्ल्युक या दुसऱ्या जर्मन पाद्र्याने केला. त्याने आलुक्स्ने गावी, काम पुरं होत गेलं तशी ओकची झाडं लावली, ती आजही दाखवतात. मराठीचा मोठा कोशही मोल्सवर्थ नावाच्या इंग्रजाने केला, 1831 साली. परक्यालाच आधी प्रश्न पडतात, कारण त्यालाच प्रत्येक शब्दापाशी अडखळावं लागतं. लाटव्हियनांचा स्वतःचा मोठा कोश मीलेन्बाख्स आणि एन्द्झेलीन्स या जोडीचा, 1923पासून भाग-भागाने निघालेला. त्यांच्यापुढे मुख्यतः जर्मन होती, सोव्हिएत काळात रशियन आली. 1991मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला आणि इंग्रजीचे दरवाजे सताड उघडले. 1 मे 2004 रोजी लाटव्हिया युरोपीय संघात गेला आणि लाटव्हियन ही संघाची अधिकृत भाषा झाली. त्या दिवसापासून ब्रसेल्सचा प्रत्येक कायदा लाटव्हियनमध्ये उतरवावा लागतो, आणि त्यात 'राइट' म्हणजे हक्क की उजवं, यावर गंमत करायला वाव नसतो.

शब्द घडवण्यात हे लोक आपल्यापेक्षा हट्टी आहेत. संगणकाच्या 'माउस'ला ते बिनधास्त 'पेले' म्हणतात, म्हणजे उंदीर. इंग्रजीतले दोन्ही अर्थ जसेच्या तसे उचलले. 'विंडो'ला खिडकीचाच 'लुओग्स', 'क्लाउड'ला ढगाचाच 'माकुओनिस', 'वेब'ला कोळिष्टकाचाच 'तीमेक्लिस'. आपण माउस, विंडो आणि क्लाउड जसेच्या तसे ठेवले. टेबलावरच्या उंदराला टिचकी मारा असं कोणत्याही मराठी कचेरीत कुणी म्हणत नाही. पण जिथे इंग्रजीतलं चित्र त्यांना पटलं नाही, तिथे त्यांनी नवं पात्र घडवलं. नको असलेल्या ईमेलला इंग्रजीत 'स्पॅम' म्हणतात, ते मुळात डबाबंद मांसाचं नाव. लाटव्हियन परिभाषाकारांनी 'मेस्लि' म्हणजे घाण आणि 'वेस्तुले' म्हणजे पत्र यांचा संधी करून 'मेस्तुले' काढलं. घाणपत्र! सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' मराठीत रुळले, पण असा ठसकेबाज शब्द कचेरीच्या परिभाषेत आपल्याकडे क्वचितच आला.

यंत्राला हे सगळं जमेल का, हा वाद जुना आहे. 1960 साली येहोशुआ बार-हिलेल या इस्राएली तत्त्वज्ञाने एक साधं उदाहरण पुढे ठेवलं. एक लहान मुलगा खेळण्यांची पेटी शोधतो आणि ती त्याला 'पेन'मध्ये सापडते. इंग्रजीत 'पेन' म्हणजे लेखणी आणि बाळाला खेळायला ठेवतात ते कुंपणही. पेटी लेखणीत मावत नाही हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं, यंत्राला कोण सांगणार, असा त्याचा सवाल होता. लाटव्हियनमध्ये या वाक्याची अडचण उघडी पडते, कारण लेखणी म्हणजे 'पिल्द्स्पल्वा', भरायचं पीस, आणि कुंपण म्हणजे भलताच शब्द.

आज यंत्रं या पेटीला फसत नाहीत. ती शब्द सुटा न घेता अख्खं वाक्य बघतात. रीगातली टिल्डे ही कंपनी 1991पासून याच कामात आहे. 2015च्या पहिल्या सहा महिन्यांत युरोपीय संघाच्या परिषदेचं अध्यक्षपद लाटव्हियाकडे होतं, तेव्हा तिने पाहुण्यांसाठी यंत्रानुवादाची सोय केली होती. यंत्र अजून अडतं ते शेजार नसलेल्या शब्दापाशी. मोबाइलच्या पडद्यावर नुसतं 'बॅक' लिहिलेलं असतं. मागे जा असेल तर 'अत्पकल्य', माणसाची पाठ असेल तर 'मुगुरा'. नुसतं 'सेव्ह' असतं. फाइल जपून ठेवायची असेल तर 'सग्लबात', बुडत्याला वाचवायचं असेल तर ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ घेऊन 'ग्लाब्त', पैसे साठवायचे असतील तर 'क्रात'. 'फ्री'ही तसंच. रीगाच्या मध्यभागी 1935 साली उभारलेल्या स्मारकावर जी 'ब्रीवीबा' आहे ती स्वातंत्र्याची, आणि कॅफेतला वायफाय 'बेझ्मक्सस', म्हणजे बिनपैशाचा.

आणि 'माय कझिन' म्हटलं की यंत्राची तारांबळ उडते. मुलगा असेल तर 'ब्रालेन्स', मुलगी असेल तर 'मासीत्सा'. इंग्रजीत ते कुठेच सांगितलेलं नसतं. मराठी अनुवादकाला तर त्यापुढे चुलत, मामे, मावस की आते हेही विचारावं लागतं.

गेल्या काही वर्षांत रीगाच्या विद्यापीठांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने गेले आहेत. कुणाच्या घरचं कुणी तिकडे निघालं असेल तर एवढं सांगून ठेवावं: मोबाइलला एकटा शब्द विचारू नका, अख्खं वाक्य द्या. औषधाच्या दुकानाला तिथे 'अप्तिएका' म्हणतात. 'झाले' म्हणजे गवत, आणि आवाजाचा हेल जरा सपाट केला तर सभागृह. अनेकवचनातली 'झालेस' म्हणजे औषध, कारण औषध मुळात गवतापाल्यातूनच यायचं, आपल्या 'ओषधी'सारखं. 23 जून हा तिथे वनस्पतींचा दिवस असतो. त्या दिवशी माणसं रानातून हीच 'झालेस' गोळा करून घर सजवतात, आणि औषधाची दुकानं बंद असण्याची शक्यता असते. ताप असेल तर आदल्या दिवशीच जा.